अडीच सेकंदांची परीक्षा

'फुटबॉल' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? पायाने टोलवायचा गोल चेंडू, जाळीचा गोल आणि त्याच्यापुढे हात पसरून उभा असलेला गोलरक्षक. अमेरिकेत मात्र हाच शब्द उच्चारला, तर वेगळेच चित्र दिसते. तिथल्या फुटबॉलचा चेंडू लंबगोल असतो, दोन्ही टोकांना निमुळता असतो, आणि तो बहुतेक वेळ पायाऐवजी हातातच असतो.

विद्यार्थी मित्रांनो, या लेखात आपल्याला तो खेळ शिकायचा नाही. त्या खेळातले एक कोडे पाहायचे आहे. दरवर्षी अमेरिकेतले ३२ व्यावसायिक संघ महाविद्यालयांतून नवे खेळाडू निवडतात. त्यासाठी माणसे नेमतात, चित्रफिती तपासतात, स्टॉपवॉच लावतात, संगणक वापरतात आणि पाण्यासारखा पैसा खर्च करतात. तरीही एका जागेसाठी खेळाडू पारखताना त्यांचे अंदाज वारंवार फसतात. ती जागा म्हणजे 'क्वार्टरबॅक'. एवढी साधने हाताशी असूनही पारख का चुकते? या प्रश्नाचे उत्तर खेळापुरते मर्यादित नाही. मोजमाप म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी तुम्हांला आणि तुमच्या शिक्षकांनाही ते उपयोगी पडेल.

खेळ थोडक्यात

मैदान १०० यार्डांचे, म्हणजे सुमारे ९१ मीटर लांबीचे. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू. चेंडू ज्या संघाकडे असेल, त्याने चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढे सरकायचे. तसे जमले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाही जमले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो.

प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती येतो. त्याच्यासमोर त्याच्याच संघाच्या पाच धिप्पाड गड्यांची फळी असते. समोरचे बचावपटू ती फोडून त्याला खाली पाडायला धावतात. त्याचे काही साथीदार ठरलेल्या वाटांनी मैदानात पुढे पळत असतात. त्यांपैकी कोण मोकळा आहे, हे हेरून त्याच्याकडे चेंडू फेकायचा. फेकायचा नसेल तर तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा किंवा स्वतः घेऊन पळायचे. फेकीसाठी त्याला मिळणारा वेळ किती? साधारणपणे अडीच ते तीन सेकंद! हे वाक्य वाचायला तुम्हांला जेवढा वेळ लागला, जवळजवळ तेवढाच.

मापे घेण्याचा सोहळा

व्यावसायिक संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात. या पद्धतीला 'ड्राफ्ट' म्हणतात. ती १९३६ मध्ये सुरू झाली. आदल्या वर्षी जो संघ सर्वांत मागे पडला, त्याची पाळी सामान्यतः पहिली. अशा सात फेऱ्या होतात.

ड्राफ्टच्या आधी इंडियानापोलिस शहरात 'कम्बाइन' नावाचा सोहळा भरतो. तिथे तीनशेहून अधिक खेळाडूंना बोलावतात. त्यांची उंची आणि वजन मोजतात. वीतसुद्धा मोजतात, कारण चेंडू मोठा असतो आणि तो घट्ट धरता यायला हवा. ४० यार्ड म्हणजे ३६.६ मीटर अंतर पळायला किती वेळ लागतो, जागच्या जागी किती उंच उडी मारता येते, हेही पाहतात. अनेक वर्षे तिथे १२ मिनिटांत ५० प्रश्नांची एक बुद्धिमापन चाचणी घेत असत. २०२२ पासून कम्बाइनमध्ये ती बंद झाली.

आता एका खेळाडूची गोष्ट ऐका. मिशिगन विद्यापीठाचा एक सडपातळ तरुण २००० सालच्या कम्बाइनमध्ये ४० यार्ड पळाला. त्याला ५.२८ सेकंद लागले. क्वार्टरबॅकच्या मानानेही ही वेळ संथच. त्या वर्षी त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. त्याचा स्वतःचा क्रमांक लागला १९९ वा. त्याचे नाव टॉम ब्रॅडी. पुढे त्याच्या संघांनी 'सुपर बोल' हे अजिंक्यपद सात वेळा जिंकले. दुसऱ्या कोणत्याही खेळाडूच्या नावावर एवढी अजिंक्यपदे नाहीत.

स्टॉपवॉच बिघडलेले नव्हते. ५.२८ हा आकडा अगदी बरोबर होता. मग चुकले काय?

हाताचा जोर की डोक्याचा वेग?

चला, थोडे गणित करू. एक साथीदार क्वार्टरबॅकपासून २० मीटरवर आडवा पळतो आहे. त्याचा वेग सेकंदाला ८ मीटर धरू. क्वार्टरबॅकने ताशी ८० किलोमीटर वेगाने चेंडू फेकला. म्हणजे सेकंदाला सुमारे २२.२ मीटर. हवेचा विरोध तूर्त सोडून देऊ. चेंडूला २० मीटर जायला ०.९ सेकंद लागेल. तेवढ्या वेळात साथीदार ७ मीटरहून अधिक पुढे गेलेला असेल. म्हणजे चेंडू साथीदाराकडे फेकून भागणार नाही. सुमारे एका सेकंदानंतर तो जिथे असेल, त्या आज रिकाम्या असलेल्या जागेकडे तो फेकला पाहिजे.

आता दुसरा खेळाडू घेऊ. याचा हात अधिक जोरदार आहे. तो ताशी ९६ किलोमीटर वेगाने फेकतो, म्हणजे सेकंदाला सुमारे २६.७ मीटर. त्याच्या चेंडूला ०.७५ सेकंद लागेल. पहिल्यापेक्षा ०.१५ सेकंदाची बचत. चेंडू अडवायला धावणारा बचावपटूही सेकंदाला ८ मीटर पळत असेल, तर या बचतीमुळे त्याला १.२ मीटर कमी मिळाले. फायदा लहान नाही.

पण हा जोरदार हाताचा खेळाडू निर्णय घ्यायला ०.३ सेकंद उशीर करतो असे समजा. तेवढ्यात बचावपटू २.४ मीटर सरकला. हाताने कमावले त्याच्या दुप्पट डोक्याने गमावले!

कोड्याची किल्ली इथे आहे. हाताचा जोर यंत्राने चटकन मोजता येतो. निर्णयाचा वेग मोजणे अवघड, कारण तो रिकाम्या मैदानावर, अंगावर कोणी धावून येत नसताना दिसतच नाही. जे मोजणे सोपे, त्याला आपण नकळत महत्त्वाचे मानू लागतो. विज्ञानाच्या प्रत्येक शाखेत हा मोह संशोधकांना गाठतो.

स्वतः करून पाहा

निर्णयाला वेळ का लागतो, हे तुम्ही वर्गात पाहू शकता. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. पट्टीच्या शून्याजवळ तुमचा अंगठा आणि बोट थोडे उघडे ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडली की पकडा. ती किती सेंटिमीटर घसरली ते लिहून ठेवा. पट्टी २० सेंटिमीटर पडली असेल, तर तुम्हांला ०.२ सेकंद लागला. (अंतर = १/२ × ९.८ × वेळेचा वर्ग, हे सूत्र तुम्हांला ठाऊक आहेच.)

आता पट्ट्या दोन आणि हातही दोन. मित्राने दोहोंपैकी कोणतीही एक पट्टी सोडायची. तुम्ही फक्त तीच पकडायची, दुसरा हात मिटता कामा नये. इथे ३० सेंटिमीटरची पट्टी बहुधा पुरणार नाही. प्रयोगशाळेतल्या मीटरपट्ट्या मागून घ्या. ०.३ सेकंद लागला, तर पट्टी ४४ सेंटिमीटर पडलेली असेल. हात तेच, डोळे तेच. वाढला तो निवड करण्याचा वेळ.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ हिक यांनी १९५२ मध्ये या गोष्टीचा नियम मांडला. पर्याय दुप्पट झाले की निर्णयाचा वेळ दर वेळी साधारण सारख्याच प्रमाणात वाढतो. मग चार-पाच साथीदार आणि अकरा प्रतिस्पर्धी पळत असताना क्वार्टरबॅक अडीच सेकंदांत निर्णय कसा घेतो? तो चेंडू हातात येण्याआधीच पर्याय कमी करतो. बचावपटू कसे उभे आहेत, कोणाचे पाऊल पुढे आहे, यावरून 'डावीकडची वाट बंद होणार' हे तो ताडतो. पाचांतले दोनच पर्याय शिल्लक राहिले की निर्णय लवकर होतो. ही दृष्टी अनुभवातून आणि चित्रफितींच्या अभ्यासातून येते. कम्बाइनमधल्या उंच उडीवरून ती कळत नाही.

महाविद्यालयातील खेळ आणि पोटापाण्याचा खेळ

'मग महाविद्यालयातील सामन्यांवरूनच पारखावे की!' असे तुम्ही म्हणाल. तज्ज्ञही तसेच करतात. पण तिथेही अडचणी आहेत.

पहिली अडचण अशी की दोन्ही खेळ दिसायला सारखे असले तरी एक नाहीत. मैदानावर चेंडू कोठून खेळात आणायचा हे ठरवणाऱ्या दोन खुणांच्या रांगा असतात. महाविद्यालयात त्या ४० फूट अंतरावर, तर व्यावसायिक खेळात १८.५ फूट अंतरावर असतात. साहजिकच महाविद्यालयात मैदानाची एक बाजू पुष्कळदा ऐसपैस मोकळी राहते. महाविद्यालयात मैदानात एक पाय टेकून घेतलेला झेल चालतो. व्यावसायिक खेळात दोन्ही पाय टेकावे लागतात. म्हणजे फेक अधिक अचूक हवी. शिवाय महाविद्यालयात प्रतिस्पर्धी संघात दोन-तीन खेळाडू पुढे व्यावसायिक होणारे असतात. व्यावसायिक सामन्यात अकराच्या अकरा तसेच असतात.

दुसरी अडचण आकड्यांची आहे. एका हंगामात एका क्वार्टरबॅकने ४०० फेकी केल्या आणि त्यांतल्या ६० टक्के साथीदारांनी झेलल्या असे समजा. हा ६० चा आकडा कितपत पक्का? नाणे ४०० वेळा उडवले तर बरोबर २०० वेळा छापा पडेलच असे नाही, हे तुम्ही जाणता. तसाच योगायोग इथेही असतो. संख्याशास्त्रात त्यासाठी एक सोपे सूत्र आहे. ०.६ ला ०.४ ने गुणा, ४०० ने भागा आणि वर्गमूळ काढा. उत्तर येते सुमारे ०.०२४५, म्हणजे अडीच टक्के. याच्या दुप्पट दोन्हीकडे सोडले, तर त्याची खरी कुवत ५५ ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान कोठेतरी असावी, एवढेच आपण बऱ्यापैकी खात्रीने म्हणू शकतो. ५८ टक्क्यांचा आणि ६२ टक्क्यांचा खेळाडू यांत डावे-उजवे ठरवायला एक हंगाम अपुरा आहे.

तिसरी अडचण याहून मोठी. हा आकडा एकट्याचा नसतो. जो बरो हा लुइझियाना राज्य विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. २०१८ मध्ये त्याच्या ५७.८ टक्के फेकी झेलल्या गेल्या. २०१९ मध्ये ७६.३ टक्के! हा फरक योगायोगाचा नाही, आपले सूत्रच ते सांगते. पण हात तोच होता. बदलली ती संघाची खेळण्याची पद्धत. साथीदारही उत्तम होते. त्यांतले दोन पुढे व्यावसायिक खेळात नामांकित झाले. २०२० च्या ड्राफ्टमध्ये बरो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि ती निवड योग्य ठरली. परंतु २०१८ अखेर त्याला पारखणाऱ्याने काय म्हटले असते?

उलट उदाहरण जॉश ॲलनचे. वायोमिंग विद्यापीठात त्याच्या सुमारे ५६ टक्केच फेकी झेलल्या गेल्या. हात विलक्षण जोरदार, पण नेम बेताचा, असे अनेक विश्लेषकांचे मत होते. २०१८ मध्ये त्याला सातव्या क्रमांकावर निवडले तेव्हा टीका झाली. पहिल्या वर्षी त्याचा आकडा ५२.८ टक्के राहिला. टीकाकार बरोबर ठरले असे वाटले. २०२० मध्ये तोच आकडा ६९.२ टक्क्यांवर गेला, आणि २०२४ च्या हंगामात तो सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. माणूस शिकतो, ही गोष्ट कोणत्याही मोजपट्टीवर आधी उमटत नाही.

गाळणीचा खेळ

आता एक चमत्कारिक प्रश्न. उंच क्वार्टरबॅकला धिप्पाड फळीच्या डोक्यावरून नीट दिसते, म्हणून उंची चांगली. पण व्यावसायिक क्वार्टरबॅकांची उंची आणि यश यांची सांगड घालून पाहिली, तर ठळक संबंध आढळत नाही. म्हणजे उंचीचा उपयोग नाही का?

इतकी घाई करू नका. आपण कोणाकडे पाहत आहोत? जे निवडले गेले त्यांच्याकडे. सहा फूट उंचीचा ड्रू ब्रीझ २००१ मध्ये आणि पाच फूट अकरा इंचांचा रसेल विल्सन २०१२ मध्ये निवडला गेला. दोघेही क्वार्टरबॅकमध्ये बुटके समजले गेले, आणि दोघांनीही पुढे सुपर बोल जिंकला. बुटका खेळाडू गाळणीतून खाली येतो तो इतर गुण असामान्य असतील तरच. उंच खेळाडू मात्र मध्यम गुणांवरही निसटून येतो. म्हणून गाळणीखालच्या भांड्यात पाहिले, तर उंचीचा परिणाम पुसला गेलेला दिसतो. निवडलेल्या नमुन्यावरून सगळ्यांविषयी निष्कर्ष काढू नये, हा संख्याशास्त्राचा मोठा धडा आहे.

हीच गोष्ट उलट बाजूनेही खरी. २००६ मध्ये डेव्हिड लेविन या विश्लेषकाने एक नियम सुचवला. महाविद्यालयात किती सामने सुरुवातीपासून खेळला आणि किती टक्के फेकी झेलल्या गेल्या, या दोनच आकड्यांवरून बराच अंदाज येतो. मात्र त्याने अट घातली होती: हा नियम पहिल्या दोन फेऱ्यांत निवडल्या गेलेल्यांपुरताच. कारण तज्ज्ञांच्या नजरेची गाळणी आधी लागलेली असेल, तरच आकडे उपयोगी पडतात. आणि ॲलनचे उदाहरण सांगते की त्यालाही अपवाद असतात.

मोजणाऱ्याचा चष्मा

मोजपट्टी कोणाच्या हातात आहे, यालाही महत्त्व असते. वॉरन मून हा वॉशिंग्टन विद्यापीठाचा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. जानेवारी १९७८ मध्ये 'रोझ बोल' या मानाच्या सामन्यात तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये एकाही संघाने त्याला क्वार्टरबॅक म्हणून निवडले नाही. या जागेसाठी लागणारी बुद्धी आणि नेतृत्व कृष्णवर्णीयांकडे नसते, असा खुळा समज त्या काळी खोलवर रुजलेला होता. मून कॅनडात गेला. तिथे त्याच्या संघाने १९७८ ते १९८२ अशी सलग पाच वर्षे अजिंक्यपद जिंकले. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन संघाने त्याला बोलावले. २००६ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान-दालनात त्याचा समावेश झाला. हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.

पूर्वग्रह पुरता गेला असे म्हणता येत नाही. २०१८ मध्ये लमार जॅक्सनला 'तू क्वार्टरबॅक सोडून झेलणाऱ्याच्या जागी खेळ' असे सुचवणारे जाणकार होते. तो ३२ वा निवडला गेला आणि २०१९ च्या हंगामात एकमताने सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. मून याच्या बाबतीत चूक स्टॉपवॉचची नव्हती, आकड्यांचीही नव्हती. आकडे पाहण्याआधीच उत्तर ठरले होते. त्याची किंमत एका माणसाने सहा वर्षे परदेशात राहून मोजली. अशी किंमत आणखी किती जणांनी मोजली असेल, आणि त्यांना दुसरी संधी मिळालीच नसेल?

तयारी कोणाची?

अखेरचा मुद्दा. 'हा मुलगा तयार आहे का?' असे विचारताना आपण गृहीत धरतो, की तयारी ही उंचीसारखी त्याच्या अंगात असलेली वस्तू आहे. दोन उदाहरणे पाहा.

२००२ मध्ये ह्यूस्टनमध्ये एक अगदी नवा संघ उभा राहिला. त्याने पहिल्याच क्रमांकावर डेव्हिड कार हा क्वार्टरबॅक निवडला आणि लगेच मैदानात उतरवला. फळी कच्ची होती. त्या एका हंगामात चेंडू हातात असतानाच त्याला ७६ वेळा पाडण्यात आले. हा उच्चांक आजही कायम आहे. ज्याला दर सामन्यात चार-पाच वेळा आपटले जाते, तो पुढे पाहायला शिकेल की कोण अंगावर येतो याकडे?

२००५ मध्ये ग्रीन बे संघाने ॲरन रॉजर्स याला २४ व्या क्रमांकावर घेतले. तो तीन हंगाम अनुभवी ब्रेट फावरच्या मागे बसून शिकला आणि २००८ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक झाला. पुढे तो चार वेळा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. बाकावर बसणे हाच यशाचा मंत्र, असे मात्र समजू नका. १९९८ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला पेटन मॅनिंग पहिल्या दिवसापासून खेळला. त्या वर्षी त्याच्या २८ फेकी प्रतिस्पर्ध्यांनी झेलल्या, जो नवख्या खेळाडूचा विक्रम आहे. त्याच ड्राफ्टमध्ये दुसरा निवडलेल्या रायन लीफच्या पहिल्या वर्षी १५. या एका आकड्यावरून पाहिले, तर कोण चुकीचा ठरला असता? मॅनिंगने पाच वेळा सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान मिळवला. लीफची कारकीर्द चार-पाच वर्षांत संपली.

म्हणजे तयारी ही बी आणि जमीन यांच्यासारखी आहे. बी कितीही निवडून घेतले, तरी ते कोणत्या जमिनीत आणि कोणत्या वेळी पेरले, हे विचारल्याशिवाय पिकाचा अंदाज करता येत नाही. पेरणाऱ्यालाही परीक्षेला बसावे लागते.

म्हणून मोजमापे टाकून द्यावीत का? मुळीच नाही. त्यांच्यावाचून केवळ मनाचा कौल उरेल, आणि त्या कौलाने मूनचे काय केले ते आपण पाहिलेच. आपल्याला एवढेच करायचे आहे, की कोणताही आकडा समोर आला की त्याला चार प्रश्न विचारायचे. हा आकडा नेमके काय मोजतो? त्यात योगायोगाचा वाटा किती? ज्यांना मोजले ते कोणत्या गाळणीतून आले? आणि ज्याचे माप घेतले, तो कोठे, कोणाच्या साथीने उभा होता?

शाळेच्या क्रीडा-संघाची निवड असो की वर्गातला गुणानुक्रम, तिथेही हे प्रश्न लागू पडतात. आधी पट्टीचा प्रयोग मात्र करून पाहा. एका पट्टीचे आणि दोन पट्ट्यांचे प्रत्येकी वीस-वीस आकडे घ्या, त्यांची सरासरी काढा आणि आलेख काढून शिक्षकांना दाखवा. एका पट्टीत वर्गात पहिला आलेला मुलगा दोन पट्ट्यांतही पहिलाच येतो का, हे पाहायला विसरू नका.